एक गुडघा, दोन हंगाम

मार्च १९४५. मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना चालू होता, मुंबई विरुद्ध होळकर. त्या काळी अंतिम सामना निकाल लागेपर्यंत खेळवत, त्यामुळे फलंदाजांना घाई नव्हती आणि गोलंदाजांचे हाल कुत्रं खात नव्हतं. मुंबईने पहिल्या डावात ४६२ धावा केल्या, होळकरने ३६०. मग दुसऱ्या डावात विजय मर्चंटांनी २७८ धावांचा डोंगर रचला, रूसी मोदींनी १५१ जोडल्या आणि मुंबईचा डाव ७६४ वर जाऊन थांबला. होळकरला जिंकायला हव्या होत्या ८६७ धावा. याला आव्हान म्हणायचं की थट्टा, हा प्रश्नच होता. पण होळकरचा मुश्ताक अली सामन्यातलं आपलं दुसरं शतक ठोकून गेला आणि त्याच डावात ब्रिटिश सैन्यातला एक सव्वीस वर्षांचा सार्जंट-मेजर २४९ धावा करून शेवटपर्यंत नाबाद राहिला. होळकर ४९२ ला सर्वबाद झाले, ३७४ धावांनी हरले. सामन्यात एकंदर २०७८ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात तोवर जगात कुठेही एवढ्या धावा झालेल्या नव्हत्या.

तो सार्जंट-मेजर म्हणजे डेनिस कॉम्प्टन. युद्धाच्या नोकरीत त्याची नेमणूक महूच्या छावणीत झाली होती, काम सैनिकांकडून कवायत आणि व्यायाम करून घेण्याचं. हे तेच महू, जिथे १८९१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. महूपासून इंदूर हाकेच्या अंतरावर, आणि इंदूरला महाराजा यशवंतराव होळकरांचा क्रिकेटचा संघ. कर्णधार सी. के. नायडू, वय ४९, शिस्तीला कडक. इंग्लंडचा कसोटी फलंदाज शेजारच्या छावणीत सैनिकांना उठाबशा काढायला लावतोय, हे होळकर दरबाराच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

या खेळीचा एक किस्सा कॉम्प्टन पुढे आयुष्यभर रंगवून सांगे. इंदूरच्या एका धनिकाने म्हणे त्याला शतकानंतरच्या प्रत्येक धावेमागे घसघशीत रक्कम कबूल केली होती. डाव संपल्यावर हा मनातल्या मनात हिशेब मांडत ड्रेसिंग रूममध्ये आला, तर तिथे चिठ्ठी ठेवलेली: तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावं लागतंय, क्षमस्व. सांगणाऱ्यागणिक या किश्श्यातली रक्कम बदलते, त्यामुळे तो किती खरा मानायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यातली लक्षात राहणारी गोष्ट निराळी आहे. आपल्या खेळाचा मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर असतो, कबूल झालेला पैसा हातात पडेलच असं नाही, याची कॉम्प्टनला चौदाव्या वर्षापासून सवय होती. म्हणून तर तो ही गोष्ट हसत सांगू शकला.

कॉम्प्टनचं नाव घेतलं की इंग्लंडमधले जुने लोक १९४७ चा उन्हाळा, विस्कटलेले पण तेल लावून चमकवलेले केस आणि स्वीपचा फटका एवढं सांगतात. बेफिकीर, हसरा, जणू खेळ हीच ज्याची चैन असा माणूस. या चित्रात खोटं काही नाही, पण ते अर्धं आहे. उन्हाळ्यात मिडलसेक्सकडून क्रिकेट आणि हिवाळ्यात आर्सेनलकडून फुटबॉल, हे त्याचं दुहेरी जीवन हौसेपोटी आलेलं नव्हतं. ती बारा महिन्यांच्या पोटापाण्याची जुळणी होती. आणि त्या जुळणीचं बिल एकट्या उजव्या गुडघ्याने भरलं.

त्याचा जन्म २३ मे १९१८ चा, लंडनच्या उत्तरेला हेंडनमध्ये. वडील हॅरी घरं रंगवण्याचं काम करीत, ते काम बसल्यावर लॉरी चालवू लागले. थोरला भाऊ लेस्ली डेनिसहून जवळजवळ सहा वर्षांनी मोठा. तोही दोन्ही खेळ खेळणारा, आर्सेनलचा बचावपटू आणि मिडलसेक्सचा यष्टिरक्षक. या धाकट्याचं शिक्षण बेल लेनच्या साध्या सरकारी शाळेत झालं. १९३२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याने लॉर्ड्सवर प्राथमिक शाळांच्या निवडक संघाचं नेतृत्व करताना ११४ धावा केल्या. प्रेक्षकांत इंग्लंडचे माजी कर्णधार पेल्हम वॉर्नर बसले होते. त्यांनी पोराला हेरलं आणि लॉर्ड्सच्या ग्राउंड स्टाफमध्ये जागा देऊ केली.

‘ग्राउंड स्टाफ’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेट अकादमी येईल तर ती पुसून टाकावी. ही नोकरी होती. मैदानावर रोलर ओढायचा, क्लबच्या सभासदांना सरावाला हवी तेवढी गोलंदाजी टाकायची, सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांत फिरून धावपत्रकं विकायची आणि उरलेल्या वेळात जमलं तर स्वतः शिकायचं. वर ही नोकरी फक्त उन्हाळ्यापुरती. सप्टेंबर संपला की घरी. हिवाळ्यात काय खायचं? याचं उत्तर आर्सेनलने दिलं. हायबरीच्या मैदानावर फुटबॉल क्लबच्या ग्राउंड स्टाफमध्ये त्याला हिवाळ्याचं काम मिळालं. घरच्यांच्या दृष्टीने गणित सुटलं: पोराला बारा महिने पगार.

इंग्लंडच्या हवामानानेच हे शक्य केलं होतं. क्रिकेटचा हंगाम मे ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, फुटबॉलचा ऑगस्टच्या अखेरीपासून पुढच्या मे महिन्यापर्यंत. दोन्ही टोकांना काही आठवड्यांची ओढाताण, बाकी वर्षाची सरळ वाटणी. आपल्याकडे मुंबईत पावसाळ्यात कूपरेजवर फुटबॉल आणि दिवाळीनंतर आझाद मैदानावर क्रिकेट, अशी विभागणी पोरं मनाने करतात तशीच ही. फरक इतकाच की तिथे दोन्हीचे पैसे मिळत.

किती मिळत, हे पाहण्यासारखं आहे. इंग्लिश फुटबॉलमध्ये तेव्हा पगाराला कमाल मर्यादा होती. दुसऱ्या महायुद्धापूर्वी कोणत्याही खेळाडूला, तो कितीही मोठा असो, हंगामात आठवड्याला आठ पौंडांपेक्षा आणि उन्हाळ्यात सहा पौंडांपेक्षा जास्त देता येत नसे. आर्सेनल म्हणजे त्या दशकातला इंग्लंडमधला सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात यशस्वी क्लब, सामन्याला पन्नास-साठ हजार माणूस. आणि तरी डाव्या बगलेवरून धावणाऱ्या पोराला आठ पौंड. तिकिटाचे पैसे जात कुठे, हा प्रश्न खेळाडूंच्या संघटनेने बरीच वर्षं विचारला. मर्यादा उठायला १९६१ उजाडलं.

क्रिकेटमधली तऱ्हा आणखी वेगळी. तिथे पैशांपेक्षा पायरी मोठी. पैसे न घेता खेळणारे ते ‘जंटलमन’, पैसे घेणारे ते ‘प्लेयर’. दोघांच्या ड्रेसिंग रूम वेगळ्या, अनेक मैदानांवर आत जायची फाटकंही वेगळी. धावपत्रकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी छापत, व्यावसायिकाची आडनावानंतर. कॉम्प्टनचाच मिडलसेक्सचा सहकारी फ्रेड टिटमस नवखा असताना लॉर्ड्सच्या ध्वनिक्षेपकावरून गंभीर आवाजात चूक दुरुस्त करण्यात आली होती: पत्रकात ‘एफ. जे. टिटमस’ छापलंय, ते ‘टिटमस, एफ. जे.’ असं वाचावं. ही गोष्ट १९५० च्या आसपासची, म्हणजे कॉम्प्टन देशातला सगळ्यात लाडका खेळाडू होऊन चुकला होता तेव्हाची. तोही अर्थात ‘कॉम्प्टन, डी.’. जी पत्रकं त्याने पोरवयात विकली, त्यांच्यावर त्याचं नाव असंच उलटं छापून येई.

१९३६ हे त्याचं उजाडण्याचं वर्ष. मे महिन्याच्या अखेरीस ससेक्सविरुद्ध लॉर्ड्सवर मिडलसेक्सकडून पहिला सामना, फलंदाजीला अकराव्या क्रमांकावर. १४ धावा केल्या. त्या हंगामात हजार धावा पुऱ्या करून तो वर सरकला. सप्टेंबर संपता संपता आर्सेनलकडून डर्बी काउंटीविरुद्ध पहिला लीग सामना आणि पहिल्याच सामन्यात गोल. एका वर्षात दोन्हीकडे वरच्या दर्जाचं पदार्पण, वय अठरा. पुढच्या उन्हाळ्यात न्यूझीलंडविरुद्ध ओव्हलवर पहिली कसोटी: ६५ धावा आणि धावबाद. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ट्रेंट ब्रिजला १०२. तेव्हा त्याने नुकतीच विशी गाठली होती. इंग्लंडकडून इतक्या लहान वयात कसोटी शतक आजवर दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

धावबाद होण्याचा आणि करण्याचा तर त्याने जन्मभर वसा घेतला होता. मिडलसेक्सचा जॉन वॉर म्हणे की, डेनिस धावेसाठी हाक देतो त्याच दमात जोडीदाराला शुभेच्छाही देतो. लेस्लीच्या मदतनिधी सामन्यात, म्हणजे ज्या सामन्याचं उत्पन्न थोरल्या भावाच्या म्हातारपणाची पुंजी ठरणार त्यातच, या धाकट्याने त्याला एकही चेंडू खेळू न देता धावबाद करवलं, असं सांगतात. लेस्लीने त्याला माफ केलं. डेनिसला सगळेच माफ करत.

१९३८-३९ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ दक्षिण आफ्रिकेला गेला, कॉम्प्टन गेला नाही. आर्सेनलशी करार होता. आज कुणी कसोटी दौरा सोडून क्लबचं फुटबॉल खेळायचं ठरवलं तर वृत्तवाहिन्या चार दिवस दुसरं काही दाखवणार नाहीत. तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. हिवाळा फुटबॉलचा, एवढं सरळ होतं. त्याच फुटबॉलच्या हंगामात चार्ल्टन अॅथलेटिकचा गोलरक्षक सिड हॉबिन्स आणि कॉम्प्टन यांची टक्कर झाली. गुडघा दुखावला. विशीतल्या पोराचा गुडघा. सूज उतरली, तो परत धावायला लागला, प्रकरण मिटलं असं सगळ्यांनी धरलं.

मग युद्ध. एकविसाव्या वर्षापासून सत्ताविसाव्यापर्यंत, फलंदाजाचे पाय आणि डोळे सगळ्यात धारदार असतात ती वर्षं, तो गणवेशात होता. युद्धकाळात इंग्लंडकडून बारा वेळा फुटबॉलही खेळला, पण त्या सामन्यांना अधिकृत दर्जा नाही. त्यामुळे दोन खेळांत इंग्लंडचा खेळाडू म्हणून अधिकृत यादीत कॉम्प्टनचं नाव येत नाही. ज्याच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो तोच यादीबाहेर.

हिंदुस्थानातून परतण्यापूर्वीची आणखी एक गोष्ट. १९४५ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाचा सैनिकी संघ मायदेशी जाताना आपल्याकडे खेळला. कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर पूर्व विभागाकडून कॉम्प्टन फलंदाजी करत होता. शहर तेव्हा आझाद हिंद सेनेच्या खटल्यांवरून पेटलेलं होतं. निदर्शकांचा जमाव मैदानात घुसला आणि त्यांच्या म्होरक्याने थेट खेळपट्टीवर जाऊन कॉम्प्टनला अदबीने सांगितलं की, साहेब, तुम्ही फार चांगले खेळता, पण आता हा खेळ थांबला पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या बाजूने कीथ मिलर तिथे उभा होता. पुढे कसोटीत कॉम्प्टन फलंदाजीला आला की हा मिलर त्याच्याकडे पाहून तेच वाक्य म्हणे आणि मग डोक्याच्या रोखाने चेंडू सोडे. दोघांची जन्माची मैत्री झाली. २००५ पासून अॅशेस मालिकेच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला जे पदक देतात ते या दोघांच्या नावाचं आहे. कलकत्त्याच्या त्या म्होरक्याचं नाव मात्र कुणी नोंदवून ठेवलं नाही.

आता १९४७. त्या आधीचा हिवाळा कॉम्प्टनने ऑस्ट्रेलियात काढला, अॅडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतकं केली. मायदेशी मात्र त्या हिवाळ्याने कहर केला होता. बर्फ, कोळशाची टंचाई, आणि युद्ध जिंकून दोन वर्षं होत आली तरी पाव रेशनवर. अशा देशात तो उन्हाळा आला आणि कॉम्प्टन खेळायला लागला. ३८१६ धावा, सरासरी ९०.८५, शतकं १८. टॉम हेवर्डचा एका हंगामातल्या धावांचा विक्रम १९०६ पासूनचा होता आणि जॅक हॉब्जचा सोळा शतकांचा १९२५ चा, दोन्ही मोडले. मिडलसेक्सचा जोडीदार बिल एड्रिच त्याच हंगामात ३५३९ धावांपर्यंत पोचला, हेवर्डला त्यानेही मागे टाकलं, पण शेजारी कॉम्प्टन असल्यामुळे तो दुसराच राहिला. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पाच कसोटींत कॉम्प्टनच्या ७५३ धावा. शिवाय डावखुऱ्या फिरकीने हंगामात ७३ बळी, कारण हा उजव्या हाताने फलंदाजी करणारा माणूस गोलंदाजी डाव्या हाताने टाकत असे. आपल्याकडे १५ ऑगस्टचा ध्वज फडकला त्याच्या दुसऱ्या दिवशी ओव्हलवर मालिकेतली शेवटची कसोटी सुरू झाली. तीत त्याने ५३ आणि ११३ केल्या.

त्या धावा कशा होत्या हे आकड्यांतून कळत नाही. चेंडू टाकायच्या आधीच तो क्रीजमधून दोन पावलं पुढे आलेला असे, तिथून विचार बदलून मागे सरके, आणि फटका शेवटच्या क्षणी, जवळजवळ यष्ट्यांवरून उचलून मारे. स्वीप तर इतका उशिरा आणि इतका बारीक की चेंडू यष्टिरक्षकाच्या मागून निघून जाई. तंत्राची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कपाळाला हात लावावा असं हे तंत्र. ते फुटबॉलच्या विंगरचं होतं. समोरच्याला एका बाजूला झुकवायचं आणि तो झुकला की दुसऱ्या बाजूने जायचं. एका खेळाने दुसऱ्याला काय दिलं याबद्दल नेहमी गुडघ्याचाच उल्लेख होतो, पावलांचा होत नाही. माझ्या मते ती पावलं हायबरीवर तयार झाली.

गुडघा मात्र त्या हंगामाच्या शेवटी पुन्हा बोलू लागला. अठरावं शतक ओव्हलवर आलं, विजेत्या मिडलसेक्सकडून उर्वरित इंग्लंडविरुद्ध, २४६ धावा. खेळी अर्धवट असताना त्याला गुडघ्याच्या दुखण्यापायी मैदान सोडावं लागलं, पट्टी बांधून तो परत आला. हंगाम संपला, शस्त्रक्रिया झाली, हाडाचे तुकडे निघाले. एवढं झाल्यावर कुणीही म्हणेल की आता फुटबॉल पुरे. तो हिवाळ्यातच आर्सेनलकडे परतला, चौदा लीग सामने खेळला आणि १९४७-४८ च्या लीग विजेतेपदात त्याचा वाटा राहिला. तोवर कमाल पगार आठवरून बारा पौंडांवर गेला होता.

१९४८ ला मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाच्या रे लिंडवॉलचा नो-बॉल बॅटची कड घेऊन कपाळात घुसला. टाके घालून तो परत आला आणि नाबाद १४५ करून गेला. डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला १८१ मिनिटांत ३०० धावा. मिनिटांच्या हिशेबाने प्रथम श्रेणीतलं इतकं वेगवान त्रिशतक अजून कुणी केलेलं नाही.

याच दौऱ्यातली सूटकेसची गोष्ट मला त्या त्रिशतकापेक्षा मोठी वाटते. दौऱ्यावर असलेला पत्रकार रेग हेटर कॉम्प्टनच्या खोलीत गेला. तिथे एक सूटकेस होती, आत न फोडलेली पत्रं खच्चून भरलेली. चाहत्यांची, संस्थांची, कंपन्यांची, तारांसकट. डेनिस उत्तरं लिहायचा नाही, फोडायचाच नाही. हेटरला राहवलं नाही. इंग्लंडला परतल्यावर त्याने ती पत्रं बेगनल हार्वी या आपल्या ओळखीच्या माणसाकडे नेली. हार्वीने एकेक पाकीट उघडायला घेतलं. त्यात ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या वृत्तपत्राचं पत्र निघालं: साप्ताहिक स्तंभ लिहा, वर्षाला दोन हजार पौंड देतो. त्याच ढिगात खाली त्याच वृत्तपत्राचं पुढचं पत्र निघालं: आपल्याकडून उत्तर न आल्याने आमचा प्रस्ताव आम्ही मागे घेत आहोत.

दोन हजार पौंड म्हणजे फुटबॉलच्या कमाल पगाराची तीन वर्षांहून जास्त कमाई, एका न फोडलेल्या पाकिटात. हार्वी त्याचा एजंट झाला आणि त्याने ब्रिलक्रीम या केसांच्या क्रीमशी करार करून दिला. मग इंग्लंडभर भिंतींवर, बसवर, भुयारी रेल्वेच्या फलाटांवर कॉम्प्टनचा चेहरा लागला, चोपून बसवलेले केस आणि ते हसू. खेळताना ते केस कधीच बसलेले नसत ही गोष्ट वेगळी. हिंदुस्थानातही ब्रिलक्रीमची बाटली पोचली होती. आपल्याकडच्या एका पिढीने त्या चेहऱ्याला खेळताना न पाहताच ओळखलं. पुढे अनेक दशकांनी खेळाडू आणि जाहिरात ही जोडी आपल्या अंगवळणी पडली. तिची इंग्लंडमधली एक सुरुवात अशी, एका अजागळ माणसाच्या सूटकेसमधून झाली.

१९५० मध्ये फुटबॉलची अखेर आली. एफए कपच्या उपांत्य सामन्यात चेल्सीविरुद्ध आर्सेनल दोन गोलांनी मागे होते, एक फिटला होता. शेवटच्या टप्प्यात कॉर्नर मिळाला. कर्णधार जो मर्सर लेस्लीला मागे राहायला खुणावत होता. लेस्लीने ऐकलं नाही, पुढे धावला; डेनिसने डाव्या कोपऱ्यातून चेंडू उचलला आणि थोरल्याने डोक्याने गोलात घातला. फेरसामना जिंकून संघ वेम्बलीला पोचला. २९ एप्रिल १९५० ला लिव्हरपूलविरुद्ध अंतिम सामना. पहिल्या अर्ध्यात डेनिसचा खेळ यथातथाच झाला. मध्यंतरात कुणीतरी त्याच्या हातात चांगला भरलेला दारूचा पेला ठेवला, उरलेली पंचेचाळीस मिनिटं ही तुझ्या फुटबॉलची शेवटची आहेत एवढं सुनावलं, आणि दुसऱ्या अर्ध्यात तो जुन्या डेनिससारखा खेळला. रेग लुईसच्या दोन गोलांवर आर्सेनल जिंकले. दोघे भाऊ एकाच संघातून कप घेऊन परतले. लेस्लीला तर त्यानंतर नोव्हेंबरात, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळायला बोलावलं. गोलरक्षक वगळता इतक्या उशिरा इंग्लंडकडून पदार्पण करणारा दुसरा फुटबॉलपटू नाही.

डेनिसच्या आर्सेनलच्या अधिकृत लीग सामन्यांचा आकडा ५४, गोल १५. चौदा वर्षांच्या नात्याचा हिशेब म्हटला तर तुटपुंजा. युद्धाने सहा हंगाम घेतले, क्रिकेटने काही, गुडघ्याने उरलेले.

त्या उन्हाळ्यात गुडघा पुन्हा सुजला, पुन्हा शस्त्रक्रिया झाली. हिवाळ्यात तो ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर उपकर्णधार म्हणून गेला. पैसे घेऊन खेळणाऱ्या माणसाला परदेश दौऱ्यावर हे पद देण्याची ही पहिली वेळ, म्हणजे उलट्या छापलेल्या नावाला केवढा तरी मान. आणि त्याच मालिकेत चार कसोटींत मिळून त्याने ५३ धावा केल्या. दैवाने असा खेळ कॉम्प्टनशी क्वचित केला, पण केला तेव्हा हात राखला नाही.

१९५३ ला ओव्हलवर अॅशेस परत मिळवून देणारा विजयी फटका त्याच्या बॅटमधून गेला. १९५४ ला पाकिस्तानविरुद्ध २७८, त्याची कसोटीतली सर्वोच्च खेळी. १९५५ मध्ये मँचेस्टर कसोटीला तो म्हणे सामानच विसरून पोचला, मैदानाच्या संग्रहालयातली जुनी बॅट मागून घेतली आणि १५८ व ७१ केल्या. धावा पत्रकात आहेत. बॅटची हकीकत लोकांच्या तोंडी आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात उजव्या गुडघ्याची वाटीच काढून टाकावी लागली. ती फेकली गेली नाही. कॉम्प्टनची वाटी आज लॉर्ड्सच्या एमसीसी क्लबच्या संग्रहात आहे, बिस्किटांच्या डब्यातून तिथवर पोचलेली. ज्यांनी ती पाहिली ते सांगतात की हाड उंदरांनी कुरतडल्यासारखं जागोजाग खाल्लेलं आहे. लॉर्ड्सच्या तिजोऱ्यांत चेंडू, बॅट, टोप्या, अॅशेसचा तो इवलासा कलश असं पुष्कळ काही आहे. कामगाराच्या अंगातून निघालेलं हाड असं हे एकच असावं.

वाटीशिवायचा हा माणूस १९५६ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ओव्हलवर उतरला. वय ३८. लिंडवॉल आणि मिलर समोर. पाय वाकत नव्हता, स्वीप जमेल तसा मारायचा. ९४ केल्या. पुढच्या वर्षी त्याने व्यावसायिक क्रिकेट सोडलं: ७८ कसोटी, ५८०७ धावा, १७ शतकं, प्रथम श्रेणीत १२३ शतकं.

निवृत्तीनंतरच्या कॉम्प्टनबद्दल लिहिताना बहुतेक लेखक घाईत असतात. मीही फार रेंगाळणार नाही, पण एक गोष्ट टाळणं बरं नव्हे. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी क्रिकेटचे संबंध तोडण्याच्या तो विरोधात राहिला. तिथे त्याचे मित्र होते, दुसरी बायको तिथली, दोन मुलगे तिथेच वाढले. खेळ आणि राजकारण वेगळं ठेवा, असं त्याचं म्हणणं. ज्याचं नाव लॉर्ड्सवर पगार घेतो म्हणून उलटं छापलं गेलं, त्याला दुसरीकडे कातडीच्या रंगावरून माणूस संघाबाहेर ठेवला जातो हे खुपलं नाही, याचं वाईट वाटतं. त्याच घराण्यातला नातू निक कॉम्प्टन, जन्म डर्बनचा, २०१२ मध्ये इंग्लंडचा सलामीवीर म्हणून भारतात आला. वानखेडेवर इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं तेव्हा अॅलिस्टर कुकबरोबर तो नाबाद होता. आजोबा तोवर नव्हते. २३ एप्रिल १९९७ ला ते गेले.

दोन खेळांची ही वाट कॉम्प्टनबरोबर बंद झाली नाही, अरुंद होत गेली. आर्सेनलचाच आर्थर मिल्टन फुटबॉल आणि क्रिकेट दोन्हींत इंग्लंडकडून अधिकृतपणे खेळला, १९५८ ला पहिल्याच कसोटीत शतकही केलं. खेळ संपल्यावर त्याने ब्रिस्टॉलमध्ये पोस्टमनची नोकरी धरली. १९६१ मध्ये पगाराची मर्यादा उठली आणि फुलमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले. ब्रिलक्रीमच्या जाहिरातीत कॉम्प्टननंतर हेन्सच आला, आणि त्याचाही एजंट बेगनल हार्वीच. हेन्सला उन्हाळ्यात दुसरी नोकरी शोधण्याची गरज उरली नव्हती. आपल्याकडे चुनी गोस्वामी १९६२ च्या आशियाई सुवर्णपदकाचे फुटबॉल कर्णधार आणि १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात ब्रेबर्नवर मुंबईविरुद्ध बंगालचे क्रिकेट कर्णधार, पण त्यांचं पोट यांतल्या कोणत्याच खेळावर नव्हतं. पगार बँकेचा होता.

शेवटचा ठळक दाखला १५ सप्टेंबर १९७५ चा. लीस्टरशायरचा ख्रिस बाल्डरस्टोन चेस्टरफिल्डला डर्बीशायरविरुद्ध खेळ थांबला तेव्हा ५१ वर नाबाद होता. पॅड सोडले, फुटबॉलचे कपडे चढवले आणि गाडीत बसून डॉनकॅस्टर गाठलं. संध्याकाळी साडेसातला डॉनकॅस्टर रोव्हर्सकडून ब्रेंटफर्डविरुद्ध पूर्ण सामना खेळला, १-१ बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चेस्टरफिल्डला परत येऊन डाव ११६ पर्यंत नेला आणि नंतर तीन बळीही घेतले. लीस्टरशायरला इतिहासातलं पहिलं काउंटी विजेतेपद मिळालं. डॉनकॅस्टरला त्या बरोबरीचा एक गुण.